चव्वेचाळिसाव्या वर्षी हातांवर उभं राहायला शिकले

हातांवर उभं राहायला दंडात ताकद लागते, असं बहुतेकांना वाटतं. लागतेच, पण मोठ्या माणसाला खरी अडवते ती भीती. पाय वर गेले आणि तसेच पलीकडे गेले तर पाठीवर आपटू, ही भीती. दहा वर्षांच्या पोराला ती फारशी नसते. त्याचं वजन कमी, उंची कमी, आणि दिवसभरात दोन-चार वेळा तो असाही पडतच असतो. आपण मात्र चाळिशीपर्यंत पडणं जवळजवळ विसरलेले असतो, आणि पडलोच तर गाडीवरून नाहीतर बाथरूममध्ये घसरून. त्यामुळे पडणं म्हणजे प्लास्टर, हे डोक्यात घट्ट बसलेलं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी उभं राहण्याआधी पडायला शिकवलं. हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण बाकी सगळं त्यानंतर सुचतं.

मी डोंबिवलीत एका पतपेढीत काम करते. घराजवळच्या व्यायामशाळेत संध्याकाळी मुलांचा मल्लखांब चालतो आणि सकाळी मोठ्यांची बॅच असते. सर माझ्यापेक्षा बरेच लहान, मल्लखांबावरच वाढलेले. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर. पावसाळ्यात नाव घातलं तेव्हा आधी त्यांनी विचारलं, रक्तदाब आहे का, डोळ्यांना काचबिंदू वगैरे काही, खांद्याला जुनी दुखापत. डोकं खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. हे विचारणारा शिक्षक भेटला तर समजावं, चांगल्या हातात आहोत.

पडण्याचा धडा असा. पाय एका बुटक्या स्टुलावर, हात खाली जमिनीवर, कंबर वर. मग एक हात उचलून थोडा पुढे ठेवायचा, त्याच दिशेने कंबर वळवायची आणि पाय बाजूला एकामागोमाग उतरवायचे. बस, एवढंच. चाकाची कोलांटी मारता येते त्याला हे पटकन जमतं. मला आधी हात उचलायचाच धीर होईना, कारण वजन हातांवर असताना एक हात काढून घेणं शरीराला पटत नाही. सर शेजारी उभे राहून फक्त कंबरेला हलका आधार द्यायचे आणि म्हणायचे, "ताई, पाय शोधू नका. हात ठेवा, पाय आपोआप येतील." खरंच येतात. दोन्ही बाजूंनी हे सवयीचं झाल्यावर पुढे लाथ मारून पाय वर टाकताना छातीत जे धस्स व्हायचं ते पुष्कळ कमी झालं.

तोवर मनगटांची वेगळीच तयारी चालू होती. हातांवर उभं असताना मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळलेलं असतं आणि सगळ्या शरीराचा भार त्यावर. दिवसभर कीबोर्डवर असणाऱ्या मनगटाला ही सवय कुठून असणार? स्नायू तुलनेने लवकर तयार होतात, पण सांध्याभोवतालच्या शिरा-बंधांना वेळ लागतो, आणि घाई केली की मनगट धरतं. म्हणून रोज गुडघ्यांवर बसून तळवे जमिनीवर टेकवायचे, बोटं पुढे, मग बाजूला, मग स्वतःकडे, आणि हळूहळू पुढेमागे झुलायचं. नंतर तळव्याचा मागचा भाग टेकलेला ठेवून बोटांचे शेंडे जमिनीत दाबायचे. मी हे पतपेढीत जेवणाच्या सुट्टीत टेबलावर हात ठेवूनही करत असे. कंटाळवाणं वाटतं, पण यातलं शेवटचं, बोटं दाबण्याचं काम, हीच पुढे तोल सांभाळण्याची सगळी विद्या निघाली.

ते थोडं उलगडून सांगते. पायांवर उभं असताना आपण नकळत घोट्यातून तोल सावरत असतो. हातांवर तेच काम मनगट आणि बोटं करतात. तळवा पाहा: मनगटापासून बोटांच्या शेंड्यांपर्यंत पुढच्या बाजूला चांगली लांबी आहे, मनगटाच्या मागे मात्र काहीच नाही. म्हणजे शरीर पलीकडे, पाठीच्या बाजूला कलू लागलं तर बोटं दाबून ते परत आणता येतं. अलीकडे, पोटाच्या बाजूला कललं तर दाबायला खाली काही नसतं, मग खांद्यातून किंवा कोपरातून धडपड करावी लागते आणि बहुतेक वेळा पाय खाली येतात. म्हणून तोल अगदी मध्यात न धरता भार किंचित बोटांकडे ठेवायचा. आणि इथेच भीती आड येते. पलीकडे जायच्या धास्तीने माणूस अलीकडेच थांबतो, म्हणजे जिथून सावरता येत नाही तिथेच. पडता येऊ लागलं की मगच मन शरीराला त्या किंचित पलीकडच्या जागेवर जाऊ देतं.

भिंतीच्या बाबतीतही सरांचं मत ठाम होतं. मी पूर्वी योगवर्गात जायचे, तिथे अधोमुख वृक्षासन, म्हणजे हातांवर उभं राहण्याचंच आसन, पाठ भिंतीकडे करून करायचो. ते आसन म्हणून उत्तमच, पण मोकळं उभं राहायचं असेल तर पोट भिंतीकडे हवं, असं सर म्हणायचे. पाठ भिंतीकडे असली की टाचा भिंतीला टेकवायला कमरेत बाक येतो आणि फासळ्या पुढे येतात. पोट भिंतीकडे ठेवून पाय भिंतीवर चढवत नेले, हात भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर आणले, की सरळ होण्यावाचून गत्यंतरच नसतं. खांदे वर ढकलून कानांना लावायचे, कोपरं ताठ, नाभी आत, नितंब आवळलेले, चवडे ताणलेले. शीर्षासन येतं त्याला हे सोपं जाईल असं वाटतं, पण तिथे डोकं आणि दोन्ही हात मिळून पाया रुंद असतो. इथे खाली फक्त तळवे, आणि खांद्यांनी सतत जमीन लोटत राहायचं.

त्या स्थितीत समोरची व्यायामशाळा उलटी दिसते. मारुतीची तसबीर उलटी, कोपऱ्यातला मल्लखांब छतातून खाली लोंबणारा, आणि त्याला लावलेल्या एरंडेलाचा वास. तिकडे पाहायचं नाही, हेही शिकावं लागलं. नजर दोन हातांच्या मध्ये जमिनीवर, एका ठरावीक ठिकाणी. मी शहाबादी फरशीचा एक जोड धरला होता. नजर हलली की तोल गेलाच. आणि श्वास! भिंतीला पोट लावून मी श्वास रोखूनच धरायचे, म्हणून सर मला वर असताना मोठ्याने अंक मोजायला लावायचे. बोलता आलं म्हणजे श्वास चालू आहे.

मग भिंतीवरून एकेक पाय सोडायचा सराव. चवड्याने भिंत ढकलायची नाही, ती चूक सगळेच करतात. भार हळूहळू बोटांकडे न्यायचा आणि पाय आपणहून भिंतीपासून सुटतो का ते पाहायचं. दिवाळीनंतर एका सकाळी दोन्ही पाय सुटले आणि सुटलेलेच राहिले. मला दिसत होती ती फक्त माझी बोटं: नखं टोकांशी पांढरी पडलेली, पेरं वर उचललेली, आणि शेंडे जमिनीला घट्ट चिकटून एकदा दाबत, एकदा सैल होत होते. मी ते करत नव्हते, बोटं करत होती. फार तर चार श्वास झाले असतील. मग मी हात पुढे टाकून बाजूला उतरले आणि सरांनी फक्त विचारलं, "कळलं का ताई, कुठे असतं ते?" मला रडू आलं, आणि त्याचं मला मुळीच काही वाटलं नाही.

त्यानंतर मार्च एंडला कामाचा डोंगर आला आणि सराव पार विस्कटला, तरी बोटांना आठवण राहिली होती. आता खोलीच्या मधोमध लाथ मारून वर जाते. दहा प्रयत्नांतले निम्मे तरी उभे राहत नाहीत, आणि आमच्या बॅचमध्ये वर्षानुवर्षं करणाऱ्यांचंही सगळंच उभं राहत नाही. लाथ हलकी हवी, मागचा पाय वर जातानाच खांदे हातांच्या वर आलेले हवेत, पुढचा पाय त्याला सावकाश भेटायला जातो. सध्या सर लाथ न मारता, पाय फाकवून कंबरेच्या जोरावर वर जायचं शिकवताहेत. त्यासाठी पुढे वाकल्यावर तळवे जमिनीला सहज टेकायला हवेत. माझे अजून जेमतेम टेकतात, म्हणून सकाळची पहिली वीस मिनिटं हल्ली मांड्यांच्या मागच्या स्नायूंना ताण देण्यातच जातात.