बंद कूलर

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका काकूंचा फोन आला. "मागच्या गल्लीत चोरी झाली रे. आम्ही परवा पुण्याला मुलाकडे चाललोय. मोठं कुलूप बसवून दे." ग्रिल, दारं, कडीकोयंडे हेच माझं काम.

कुलूप त्यांनीच इतवारीतून आणलं होतं. पितळी, चांगलं वजनदार. मी ते बाजूला ठेवून आधी कोयंडा पाहिला. पाऊण इंची 4 स्क्रू, त्यातले 2 वाळवी लागलेल्या चौकटीत नुसते टेकलेले. पेचकस घालून हिसका दिला, कोयंडा हातात! पेपरात 'कडीकोयंडा तोडून' छापतात ते उगाच नाही. कुलपाशी कोण झटत बसतो? जाड पट्टी टाकली, आरपार बोल्ट, नट आतून.

हात धुवायला मागे गेलो तर कूलर दिसला. खिडकीची ग्रिल कापून त्याचं तोंड बसवलेलं, फटींत पुठ्ठा. नागपुरात घरोघरी हेच. अशा कित्येक ग्रिल मीच कापून दिल्यात, लपवायचं काय.

"काकू, जाताना टाकीतलं पाणी काढाल ना?"

"काढीनच ना. डास होतात."

पाणी गेलं की उरतो नुसता पत्र्याचा डबा. त्यांच्यासमोरच टाकी रिकामी केली. स्टँडला चाकं होतीच, एका हाताने ओढला. खिडकीतून हात घालून शेजारच्या दाराची कडी काढली आणि स्वयंपाकघरातून चालत बैठकीत आलो. काका पेपर वाचत होते, दचकलेच. त्यात मे महिन्यात रात्री ज्या घराचा कूलर गप्प, ते घर रिकामं. हे रस्त्यावरूनही कळतं.

काकांनी चहा दिला. मग हळूच माझं आधारकार्ड मागून मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. राग नाही आला. मीही काढला असता.

दुसऱ्या दिवशी 12 एमएमच्या चौकोनी सळ्यांचा पिंजरा करून नेला. कूलर आत, फास्टनर भिंतीत, पाण्याचा पाइप जाईल एवढी जागा. कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायला एक दार लागतंच, ते ठेवलं. काकूंचं पितळी कुलूप शेवटी त्या दाराला लागलं. समोर जुनंच.