ट्रंकाटाची बोंडं उकलली

सोमवारी सकाळी दुकानाला जायच्या आधी गच्चीवर गेलो, तर ट्रंकाटाच्या, म्हणजे माझ्या एका घटपर्णीच्या, फुलोऱ्याच्या दांड्यावरची खालची तीन बोंडं तपकिरी होऊन चार फाकांत उकललेली. साडेचार महिने मी या दांड्याकडे दिवसातून दोनदा बघत होतो. तिथूनच खाली हाक मारली, "आई, बी आलं!"

माझं साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. घराच्या गच्चीवर शेडनेट लावून गेली बारा वर्षं घटपर्णी वाढवतोय, म्हणजे पानाच्या टोकाला किडे पकडणारे घट येणारी झाडं. लहानपणी वडील सप्टेंबरात कासला न्यायचे. सगळे फुलांचे ताटवे बघायचे आणि मी ओल्या गवतात पालथा पडून दवबिंदू नावाच्या झाडाच्या लाल केसांना चिकटलेलं चिलट बघत बसायचो. कीटक खाणाऱ्या झाडांचं वेड तिथलं.

ट्रंकाटा म्हणजे नेपेंथिस ट्रंकाटा. मूळची फिलिपाइन्सच्या मिंदानाव बेटावरची, तिथल्या खड्या उतारांवर वाढणारी. 1911 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मॅकफार्लेन यांनी तिला हे नाव दिलं, कारण पानाचं टोक निमुळतं नसतं, कात्रीने आडवं कापल्यासारखं सरळ असतं. माझ्याकडे आली तेव्हा रोप हाताच्या पंजात मावत होतं. आज तिचा एकेक घट माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरतो.

घट येणं सोपं आहे. पावसाचं नाहीतर आरओचं पाणी, मुळाशी मॉस (शेवाळ) आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे (कोकणातून आणलेले असतील तर चार-पाच पाण्यांतून धुऊन, कारण त्यात मीठ असतं), आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात भोवती ओली गोणपाटं. एवढं सांभाळलं की साताऱ्याची हवा तिला मानवते. अवघड आहे ते बी धरणं.

घटपर्णीत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. आपल्याकडे पपई लावणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण पपई पाच-सहा महिन्यांत फुलून काय ते सांगून टाकते. ट्रंकाटाने मला आठ वर्षं थांबवलं. फुलोरा येईपर्यंत पानावरून, घटावरून, कशावरूनही नर-मादी ओळखता येत नाही. त्याआधी एका रोपवाटिकेने मला दुसऱ्या जातीची दोन छोटी रोपं 'नर-मादी जोडी' म्हणून विकली होती. सहा वर्षांनी दोन्ही फुलली, दोन्ही नर. बाटलीत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) वाढवलेली रोपं पुष्कळदा एकाच झाडाच्या प्रती असतात, मग सगळ्यांचं लिंग एकच. फुलाआधी जोडी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि नव्या माणसाची त्यात वर्षंच्या वर्षं जातात. याचा राग मला अजून आहे.

2023 च्या जुलैमध्ये ट्रंकाटाचा दांडा वर आला. मादी. नर होता सांगलीत, विश्रामबागच्या एका काकांकडे. त्यांनी लगेच पराग पाठवला, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत, भर पावसात. माझ्या हातात पडेपर्यंत त्याच्या ओल्या गाठी झाल्या होत्या आणि वर पांढरी बुरशी. तरी लावला. एकही बोंड भरलं नाही. काका फोनवर म्हणाले, "जाऊ दे रं. झाड जित्तं हाय न्हवं? मग पुन्हा फुलंल की."

या वर्षी त्यांचा नर मार्चमध्येच फुलला, माझ्या मादीच्या तीन महिने आधी. नराच्या फुलाला पाकळ्या नसतात. चार छोटी तपकिरी निदलं (फुलाच्या बाहेरच्या पाती), मधे एक खांब आणि खांबाच्या डोक्यावर पिवळ्या परागकोशांचा गोळा, मोहरीएवढा. काकांनी रोज सकाळी पिकलेले गोळे बटर पेपरवर झाडून घेतले, रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात वाळवले आणि टोपणाच्या बारीक नळीत भरून माझ्या भाच्याबरोबर पाठवले. ती नळी आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या डब्यामागे राहिली. बायकोने डब्यावर स्केचपेनने लिहून ठेवलं होतं, 'हलवू नये'.

जूनच्या अखेरीस मादी फुलायला लागली. फुलं खालून वर उमलत जातात, दिवसाला पाच-सहा. निदलांच्या मधे हिरवं फुगीर अंडाशय, त्याच्या टोकावर कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग. कुक्षी ओलसर चमकते तेव्हाच लावायचं. काळपट पडली की वेळ गेली. नळी फ्रीजमधून काढून अर्धा तास तशीच बंद ठेवायची. थंड असताना उघडली तर हवेतला दमटपणा आत धरतो आणि पराग ओला होतो. मग शून्य नंबरच्या ब्रशने, ब्रश न फिरवता, नुसतं टेकवायचं. लावलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला मी रिवाइंडिंगचा सुती दोरा बांधत गेलो. पहिल्या दिवशी आई शेजारी मोड्यावर बसून बघत होती. म्हणाली, "अरं, भोपळ्याला मी हेच करायची की. नराचं फूल तोडायचं न् मादीवर टेकवायचं. ते बी उन्हं चढायच्या आत."

शेंड्याची दहा फुलं मुद्दाम पराग न लावता सोडली. तीही थोडी फुगली, म्हणून फुगलेलं बोंड बघून हुरळायचं नाही. खरी परीक्षा उजेडात. बी केसासारखं असतं, दोन्ही टोकांना निमुळतं, वाऱ्यावर उडायला केलेलं. मोबाईलची बॅटरी मागून धरली की भरलेल्या बियाच्या मधोमध एक गडद गाठ दिसते, तो गर्भ. शेंड्याच्या बोंडांत नुसती टरफलं निघाली. दोरा बांधलेल्या पहिल्या बोंडात मी गाठी मोजत गेलो आणि शंभराच्या पुढे मोजणं सोडून दिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही सुचलं नाही.

बरेच जण विचारतात, नर मिळत नव्हता तर दुसऱ्या जातीचा पराग का नाही लावला? घटपर्णीचे संकर सहज होतात. इंग्लंडात व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी 1860 च्या दशकातच ते केले होते. संकर सुंदर दिसतात, माझ्याकडेही दोन आहेत. पण आठ वर्षांनी फुललेल्या शुद्ध ट्रंकाटाचा दांडा मी संकरात घालवणार नाही. जंगलातून उपटलेलं झाड कुणी विकत घेऊ नये असं वाटत असेल, तर लागवडीत वाढलेलं त्याच जातीचं बी लोकांना मिळालं पाहिजे. आपल्या देशाची एकच घटपर्णी, मेघालयातली खासियाना. गारो लोक तिला 'मेमांग कोक्सी' म्हणतात, भुताची टोपली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे, परवान्याशिवाय लावता येत नाही. म्हणून ती माझ्या गच्चीवर नाही, आणि कुणी रोप देऊ केलं तर घेणार नाही.

घटपर्णीचं बी फार टिकत नाही. सोमवारी रात्रीच बारीक चिरलेल्या मॉसवर पसरलं, वर काही न झाकता. पावसाचं साठवलेलं पाणी फवारलं, डब्याला झाकण लावून ट्यूबलाइटखाली ठेवलं. उगवायला महिना-दोन महिने लागतील. दोन बीजदलांनंतर येणाऱ्या पहिल्याच पानाला घट असतो, टाचणीच्या डोक्याएवढा.

काकांना फोन केला तर पलीकडे थोडा वेळ कुणी बोलेचना. मग म्हणाले, "निम्मं बी माझं हाय बरं का." निम्मं बटर पेपरच्या पुडीत घालून ठेवलंय, पुडीवर तारीख टाकलीय. उद्या सकाळच्या सांगली गाडीने मी स्वतःच घेऊन निघालोय.