तिरळेपणा आणि टॉर्चचा ठिपका

चित्रांचे पुस्तक पाहताना माझ्या पुतणीचा डावा डोळा नाकाकडे वळू लागला, तेव्हा ती तीन वर्षांची होती. "किंचित तिरळी म्हणजे नशीबवान, मोठी झाली की आपोआप जाईल," असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, आणि आम्हीही ते सोयीचे म्हणून मानले. त्यात सहा महिने गेले.

नेत्रतज्ज्ञांनी सर्वप्रथम तिच्या डोळ्यांसमोर साधा टॉर्च धरला. उजव्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका बाहुलीच्या मधोमध पडला, डाव्यात मात्र तो बाहेरच्या कडेला सरकलेला होता. (नाकाचा पूल रुंद असलेली बाळे नुसतीच तिरळी भासतात, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत ठिपका मधोमध पडतो.) उजवा डोळा तळहाताने झाकताच डावा झटकन सरळ झाला, म्हणजे स्नायूंत ताकद होती. मग थेंब घालून तपासल्यावर दोन्ही डोळ्यांना मोठा प्लस नंबर निघाला. असा डोळा स्पष्ट दिसावे म्हणून सतत जोर लावतो, आणि जवळचे पाहण्याचा जोर व डोळे आत वळणे या दोन क्रिया निसर्गतःच जोडलेल्या असल्याने त्या जोरासरशी डोळाही आत ओढला जातो. त्यामुळे तिला शस्त्रक्रिया नव्हे, तर दिवसभर लावायचा चष्मा मिळाला.

वाया गेलेल्या सहा महिन्यांची किंमत मात्र वेगळीच होती. मोठ्या माणसाचा डोळा अचानक वळला, जसे मधुमेहात कधी कधी होते, तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलाचा मेंदू त्याऐवजी वळलेल्या डोळ्याचे चित्र सरळ नाकारतो आणि तो डोळा आळशी होतो. म्हणून त्या आळशी डाव्या डोळ्याला कामाला लावण्यासाठी तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावावी लागली. चष्म्याच्या काचेवर लावलेल्या पट्टीच्या कडेने ती बिनदिक्कत डोकावत असे, त्यामुळे पट्टी थेट कातडीवर चिकटवणे भाग पडले, आणि ते दोन तास ताटातले राजमे व हरभरे वेगळे करण्यात जाऊ लागले.

आता ती पाच वर्षांची आहे आणि चष्म्यात तिचे डोळे सरळ असतात. आंघोळीसाठी चष्मा उतरवला की डावा डोळा अजूनही आत वळतो, आणि आरशात पाहून ती सांगते, "काका, माझा डोळा घरी गेला."