शेअर नसलेले भागधारक

वॉरन वर्दिंग्टन श्रीमंत घरचा आहे, देखणा आहे आणि त्याच्या पाठीवर पांढरेशुभ्र पंख आहेत. देवाने एवढे दिल्यावर माणसाने गुमान घरी बसून व्याज खावे. पण वॉरनशेठना कंपन्या काढायची हौस! ‘एक्स-मेन’ या मार्व्हलच्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचा पहिला अंक १९६३ साली आला तेव्हापासून हे गृहस्थ त्यात आहेत, आणि १९७५ पासून त्यांचा पैसा कुठे ना कुठे अडकलेला आहे. त्या वर्षी त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘चॅम्पियन्स’ नावाचे पथक स्वतःच्या खर्चाने उभे केले. सोबतीला कोण, तर जुना वर्गमित्र आइसमन, एक रशियन गुप्तहेर बाई, ग्रीक पुराणातला हर्क्युलिस आणि मोटारसायकलवर बसलेली पेटती कवटी. सतरा अंकांत दुकान बंद.

मग १९८६ साली ‘एक्स-फॅक्टर’. ही रीतसर कंपनी, पैसा पुन्हा शेठचाच. धंदा असा, की एक्स-मेनमधले पाचही जुने सवंगडी जगाला सांगणार, ‘आम्ही म्युटंट (म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेली माणसे, हे पाचही त्यांतलेच) पकडून नेतो, फक्त फोन करा.’ आणि पकडून नेलेल्याला गुपचूप आसरा देऊन स्वतःची शक्ती आवरायला शिकवणार. हेतू चोख. पण टीव्हीवर जाहिरात कसली चालली आहे? म्युटंट धोकादायक असतात, याची. म्हणजे ज्यांना वाचवायचे त्यांच्याविषयीची भीती आपल्याच पैशाने घरोघर पोचवायची. या जाहिरातींमागे होता कंपनीचा जनसंपर्क बघणारा कॅमेरन हॉज, वॉरनचा कॉलेजातला रूममेट. तो आतून म्युटंटांचा कट्टर वैरी निघाला. वॉरनचे पंख कापले गेले त्यामागेही तोच.

जाहिरातीची ही गोम वाचकांना खुपली. लुईझ सायमन्सन लेखिका म्हणून आल्यावर कथेनेही ती कबूल केली. पण त्याहून मोठा राग होता तो पाच सवंगड्यांतल्या स्कॉट समर्सवर. बायको आणि तान्हे मूल मागे टाकून हा गडी या कंपनीत रुजू झाला होता. चाळीस वर्षे होत आली, चाहत्यांनी त्याला अजून माफ केलेले नाही. मध्यंतरी तो नेता झाला, बंडखोर झाला, मेला, परत आला. कुठल्याही नव्या मालिकेत तो बायकामुलांविषयी दोन शब्द बोलला, की कोणीतरी उठून १९८६ची आठवण करून देतोच.

असे हे चाहते म्हणजे हातात एकही शेअर नसलेले भागधारक. वार्षिक सभेला सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची धरणार. अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला, मागच्या तीस वर्षांची इतिवृत्ते तोंडपाठ, आणि हात वर केला की अध्यक्षांच्या पोटात गोळा. लाभांश आजवर एक पैसा मिळालेला नाही, तरी ‘ही कंपनी आपली आहे’ हा भाव ठाम. मीही त्यांच्यातलाच. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे ताळेबंद तपासतो, त्यामुळे म्युटंट आणि कंपनी एका मुखपृष्ठावर दिसले की माझ्या अंगात येते.

म्हणूनच २०२१ साली ‘एक्स-कॉर्प’ ही म्युटंटांच्या कंपनीवरची मालिका जाहीर झाली तेव्हा आम्हा मंडळींना हर्षवायू व्हायचा बाकी होता. पार्श्वभूमीही तशी होती. दोन वर्षांपूर्वी लेखक जोनाथन हिकमन यांनी सगळा डाव नव्याने मांडला होता. क्रकोआ नावाच्या जिवंत बेटावर म्युटंटांनी आपले राष्ट्र स्थापन केले आणि जगाला तीन औषधे देऊ केली. एक माणसाचे आयुष्य पाच वर्षांनी वाढवते, दुसरे कुठल्याही संसर्गावर चालते, तिसरे मनाचे आजार बरे करते. अट एकच, आमच्या राष्ट्राला मान्यता द्या. अंकांच्या मध्येमध्ये पांढऱ्या पानांवर तक्ते, आलेख, नोंदी. सुपरहिरोचे कॉमिक घेऊन लोक तक्ते वाचत बसले आणि वर म्हणाले, ‘अजून द्या.’

त्याच काळातला एक अंक मला विशेष आवडतो. एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर झेवियर आणि त्यांचे एकेकाळचे वैरी, लोखंडाला नाचवणारा मॅग्नेटो आणि अपोकॅलिप्स, दावोसच्या आर्थिक परिषदेला जातात. टेबलावर जेवण वाढले आहे, समोर मोठ्या देशांचे प्रतिनिधी बसले आहेत, आणि मॅग्नेटो शांतपणे जेवता जेवता त्यांना समजावून सांगतो, की आता आम्ही तुमच्याशी लढणार नाही, तुमचीच अर्थव्यवस्था तुमच्या हातून काढून घेऊ. बाहेर थोडी हाणामारी होते, पण खरा थरार जेवणाच्या टेबलावर. आयुष्यभर लोखंड उचलून फेकलेल्या माणसाने फक्त पैशावर बोलावे, आणि ऐकणाऱ्यांच्या घशाखाली घास उतरू नये! चाहत्यांनी तो अंक डोक्यावर घेतला. मग कोणालाही वाटेल, की याच पैशाच्या खेळावर एक अख्खी मालिका काढली तर लोकांच्या उड्या पडतील.

टिनी हॉवर्ड यांनी ती लिहिली, आल्बर्टो फोचे यांनी चित्रे काढली. मोने सेंट क्रॉय ही म्युटंट बाई आणि (अर्थातच) वॉरनशेठ दोघे मिळून कंपनीचे प्रमुख. मे महिन्यात पहिला अंक आला आणि पाचव्या अंकाला गाशा गुंडाळला. चॅम्पियन्स निदान सतरापर्यंत टिकले होते.

तक्रारी काय होत्या? संचालक मंडळ भरण्यातच निम्मी मालिका गेली, ही एक. पानापानावर कंपनीची भाषा, ही दुसरी. माझ्या भाच्याला मी मोठ्या उत्साहाने पहिला अंक वाचायला दिला होता. अर्ध्यातच त्याने विचारले, ‘मामा, हे लोक मीटिंगमधून बाहेर कधी येतात?’ आणि थोड्या वेळाने, जास्तच काळजीने, ‘तू दिवसभर हेच करतोस ना? मग रविवारी परत कशाला वाचतोस?’

पण खरी खडाजंगी झाली ती तत्त्वावर. एका बाजूचे म्हणणे, की साठ वर्षे ज्यांना आपण छळलेल्यांचे, नाकारलेल्यांचे प्रतीक मानले, त्यांना औषधांची मक्तेदारी असलेल्या कंपनीचे मालक करून ठेवले, आता कोणाची बाजू घ्यायची? दुसरी बाजू उसळून म्हणायची, का बरे? छळलेल्यांनी कायम उपाशीच राहायचे का? त्यांनी श्रीमंत व्हायचे नाही, सूट घालायचा नाही, समोरच्याला कात्रीत पकडायचे नाही? मला दुसरी बाजू पटते. मोनेला कोणी गर्विष्ठ म्हटले की मी तिच्या बाजूने उभा राहतो. तिच्याजागी एखादा पुरुष असता तर त्याला ‘करारी’ म्हटले असते.

तरीही मालिका बुडाली यात मला नवल वाटत नाही, आणि त्याचे कारण हिशेबाचे आहे. या कंपनीच्या ताळेबंदात खर्चाची बाजूच कोरी. जमीन बेटाने दिलेली. औषध फुलांपासून होते, फुले बेटावर उगवतात. दळणवळणाला बेटाचीच दारे, एका दारातून आत गेले की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर. आणि माणूस मेला तरी पाच म्युटंट मिळून त्याला पुन्हा जिवंत करतात. ज्या धंद्यात मरणसुद्धा खर्ची टाकावे लागत नाही, त्याच्या बोर्डात भांडण रंगणार कशावर? दावोसचे जेवण रंगले, कारण तिथे समोरच्या बाजूला काहीतरी जाणार होते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

याच मोनेने आणि एक्स-कॉर्पमधल्याच जेमी मॅड्रॉक्स या म्युटंटाने त्याआधी एका फाटक्या कचेरीत नोकरी केली होती. न्यूयॉर्कच्या म्युटंट टाउनमधली जेमीची गुप्तहेर संस्था, ‘एक्स-फॅक्टर इन्व्हेस्टिगेशन्स’. लेखक पीटर डेव्हिड. भांडवल आले टीव्हीवरच्या, आपल्या करोडपतीसारख्या प्रश्नमंजूषेत जिंकलेल्या रकमेतून. पहिले नाव ‘ट्रिपल एक्स’ ठेवले होते, पण लोकांना भलताच संशय येऊ लागल्यावर बदलावे लागले. गिऱ्हाईक विचित्र, कर्मचारी एकमेकांवर खेकसणारे, निम्म्यांचे आयुष्य विस्कटलेले. ही मालिका २००५च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत चालली आणि आजही तिचा विषय निघाला की चाहते हळवे होतात.

जेमीची शक्ती अशी, की त्याला धक्का बसला की त्याच्यातून दुसरा जेमी निघतो. मग तो या प्रतिकृती जगभर शिकायला पाठवतो आणि परत आल्या की स्वतःत सामावून घेतो, शिकलेले सगळे आयते डोक्यात. त्यांतला एक जण धर्मोपदेशक होऊन संसार थाटून बसला. जेमी त्याला परत न्यायला गेला, दारात बायको आणि मूल दिसले, आणि जेमी तसाच माघारी फिरला. अख्ख्या एक्स-कॉर्पमध्ये या एका माघारीच्या तोडीचा प्रसंग नाही.

एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. ग्रँट मॉरिसन एक्स-मेन लिहीत होते त्या काळात, २००१ नंतर, झेवियरने काढलेल्या एक्स-कॉर्पोरेशनची एक शाखा चक्क मुंबईत होती. मोने आणि जेमी तेव्हा पॅरिस शाखेत होते. मुंबई शाखेचे दर्शन फार थोडे घडले, पण मी ती मनातल्या मनात नरिमन पॉइंटला बसवून टाकली आहे. उडता येणारे कर्मचारी वेळेवर पोचत असणार. बाकीच्यांचा लेटमार्क कोण लावत असेल, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.

२०२१च्या कंपनीत मात्र भारतातली एक मुलगी थेट संचालक मंडळात पोचली. ट्रायनरी, यंत्रांशी बोलणारी. २०१८ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने बड्यांच्या खात्यांतले पैसे उचलून बायकांच्या खात्यांत टाकले होते, कारण त्याच कामाचा बायकांना पगार कमी मिळतो. अशा मुलीला बोर्डात घ्यायचे आणि तिला पगारपत्रक बघू द्यायचे नाही? माझी भागधारक या नात्याने मागणी आहे, की सहावा अंक काढा. संशोधन विभागात जेमी आणि त्याच्या पन्नास प्रतिकृती रात्रपाळी करत आहेत, पगार एकाच्या खात्यात जमा होतो आहे, आणि ट्रायनरी मोनेसमोर कागद ठेवून विचारते आहे, की बाकीच्या पन्नास जणांचा प्रॉव्हिडंट फंड कुठे आहे. जेमीने मध्येच कोणाला सामावून घेतले तर त्याच्या ग्रॅच्युइटीचे काय, हेही त्याच अंकात येऊ द्या. वॉरनशेठना तेवढे दाराबाहेर बसवा.