गोचिडीसाठी खंदक

मोन्टाना राज्यातल्या आमच्या हॅमिल्टन गावात 1928 च्या सुमारास सरकारी प्रयोगशाळा उभी राहत होती, तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. आतल्या गोचिडी निसटून बाहेर आल्या तर? शेवटी त्यांची समजूत काढायला इमारतीभोवती पाण्याचा चर ठेवला गेला. गोचिडीसाठी खंदक! किल्ल्यांच्या मुलखातून आलेल्या मला ही गोष्ट भलतीच आवडली.

भीती मात्र उगीच नव्हती. बिटररूट नदीच्या पश्चिमेला वसंतात माणसं तापाने फणफणायची, अंगभर डाग उठायचे आणि बरीचशी दगावायची. हा ताप गोचिडीतून येतो हे 1906 मध्ये हॉवर्ड रिकेट्स या संशोधकाने दाखवून दिलं. चारच वर्षांनी मेक्सिकोत टायफसवर (उवांमधून पसरणाऱ्या तापावर) काम करताना त्यांना टायफसनेच गाठलं. इथल्या प्रयोगशाळेतलेही काही जण या डागी तापाने गेले. 1920 च्या दशकात त्यावर पहिली लस निघाली, तीही संसर्ग झालेल्या गोचिडी वाटून केलेली. त्या वाटणाऱ्यांच्या घरी काय वाटत असेल, देव जाणे.

पण या गावात येऊन मी ज्यांच्या कामात सगळ्यात जास्त गुंतले, ते म्हणजे याच प्रयोगशाळेतले संशोधक विली बर्गडॉर्फर. जन्म 1925 चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. त्यांच्या पीएचडीचा विषय होता आफ्रिकेतली एक गोचीड आणि तिच्या पोटातून माणसात जाणारे, उलटून येणाऱ्या तापाचे मळसूत्री जंतू. 1951 मध्ये ते हॅमिल्टनला आले आणि पुढे मुख्यतः डागी तापाच्या जंतूंवर काम करत राहिले. पीएचडीचा विषय मागे पडला.

त्यांनी रुळवलेली एक पद्धत आम्ही अजून शिकतो. जिवंत गोचीड चिमट्यात धरायची, पायाचं टोक कात्रीने उडवायचं आणि जो पाणेरी थेंब येतो तो काचपट्टीवर टेकवायचा. मग रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गोचीड मरत नाही, तिला पुन्हा डबीत ठेवता येतं. पाय चुकीच्या जागी कापला तर थेंबच येत नाही, आणि तो टिचभर जीव तोवर हातमोज्यावरून चालू लागलेला असतो.

1981 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून गोचिडी त्यांच्याकडे आल्या. शोधायचा होता डागी तापाचा जंतू. तो मिळाला नाही. दोन गोचिडींच्या थेंबात मात्र भलतेच बारीक कृमी दिसले, म्हणून त्यांनी त्या उघडून पाहिल्या. आतड्यात फिकट रंगाचे, लांब, वळणावळणाचे जंतू होते. दुसऱ्या कुणी ते रंगाचे डाग समजून पट्टी धुऊन टाकली असती. बर्गडॉर्फर यांनी ओळखले, कारण तीस वर्षांपूर्वी बाझलमध्ये असलेच जंतू बघण्यात त्यांची तरुणपणातली वर्षं गेली होती. कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या मुलांचे गुडघे 1975 पासून का सुजत होते, याचं, म्हणजे लाइम रोगाचं, उत्तर तिथे सापडलं. 1982 मध्ये निबंध आला आणि 1984 मध्ये त्या जंतूला त्यांचंच नाव मिळालं. (रोगजंतूला आपलं आडनाव! आमच्या घरच्यांनी तर वाळीतच टाकलं असतं.) 2014 मध्ये याच गावात ते वारले.

आज तोच पीएचडीचा विषय घेऊन कुणी अनुदान मागायला गेलं, तर 'तीन वर्षांत उपयोग काय?' हा प्रश्न आधी येईल. अर्ज लिहिताना माझी चिडचिड होते ती इथेच.

सुट्टीत कोकणात, आमच्या दोडामार्गला गेले की आत्या विचारते, "थंय सुदा गोचिडीच काय गो?" तिला त्यात नवल वाटायचं कारण नाही. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या विषाणूचा माग काढला. तोच माकडताप 2016 पासून आमच्या तालुक्यात आहे. तोही गोचिडीतूनच येतो. लहान, नजरेला न पडणाऱ्या गोचिडींचा हंगाम आणि काजूचा हंगाम नेमका एकच.

म्हणून आत्याला सांगून ठेवलंय: आरोग्य केंद्रातून मिळतं ते तेल हातापायाला लावूनच बागेत जा. आलीस की कपडे कडकडीत पाण्यात टाक आणि काखा, जांघा, केसांची मुळं चाचपून बघ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळव. आणि आठवड्याभरात ताप भरलाच, तर डॉक्टरांना सर्वात आधी सांग की काजू वेचायला गेले होते.