तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाबेसमधलं टेबल रिकामं केलं तर त्याचा इतिहास, म्हणजे जुन्या ओळी जपणारं वेगळं टेबल, जातो का?

जात नाही. हे ऐकून लोक निर्धास्त होतात आणि पुढचं ऐकतच नाहीत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

डिलीट ही आज्ञा एकेक ओळ काढते, आणि ट्रिगर, म्हणजे बदल झाला की आपोआप चालणारा कोड, तिची नक्कल इतिहासाच्या टेबलात टाकतो. ट्रंकेट ही आज्ञा अख्खं टेबल एका झटक्यात रिकामं करते, ओळींकडे बघतच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस असो की मायएसक्यूएल, डिलीटचा ट्रिगर ट्रंकेटने चालत नाही.

लातूरच्या एका आडत दुकानात सोयाबीनच्या पट्ट्यांचं (शेतकऱ्याला देतात त्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचं) टेबल माझ्याकडे होतं, पोस्टग्रेसवर. दुरुस्ती झाली की जुनी ओळ इतिहासात, ताजी मुख्य टेबलात. ऐन आवकेत, भरदुपारी, दुकानातल्या पोरानं चाचणीचं समजून खरं टेबल ट्रंकेट केलं. शेठ म्हणाले, "इतिहास आहे ना? काढा की त्यातून." काढला. चुकून लिहिलेला भाव होता, दुरुस्त केलेला नव्हता. हमाली दोनदा कापलेली ओळ होती, सुधारलेली नव्हती. आणि जी पट्टी पहिल्यांदाच बरोबर लिहिली गेली, तिचा तर मागमूसही नव्हता. चुका तेवढ्या जपलेल्या! बॅकअप आदल्या रात्रीचा. वॉल (WAL, म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक बदलाची ठेवतं ती नोंद) साठवायला दुसरी डिस्क मागितली होती, शेठनी "पुढच्या हंगामात बघू" म्हटलेलं. त्या दिवशीच्या कागदी पट्ट्या शेतकऱ्यांकडून परत मागवाव्या लागल्या. एका आजोबांनी खिशातून घडी काढत विचारलं, "मशीनला ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय?" मी पट्टी घेतली आणि आकडे भरत बसलो.

मग ताजी ओळही इतिहासात का लिहीत नाही? मीच पूर्वी याला विरोध करायचो: एकच गोष्ट दोनदा कशाला, टेबल फुगतं. तो मुद्दा आजही मला खोटा वाटत नाही. सध्या ट्रंकेटचा अधिकार काढून घेतलाय. पोस्टग्रेसमध्ये तो वेगळा काढता येतो. शिवाय ट्रंकेटच्या आधी चालणारा ट्रिगर अख्खं टेबल इतिहासात उतरवतो. ही सोय पोस्टग्रेसच्या 2009 मधल्या 8.4 आवृत्तीपासून आहे.

"मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस घ्या, तो ट्रंकेट होऊच देत नाही," असंही सांगतात. खरंय, 2016 च्या आवृत्तीपासून आलेल्या टेम्पोरल टेबलांवर, म्हणजे आपला इतिहास आपोआप ठेवणाऱ्या टेबलांवर, तो नकार देतो, मारियाडीबी हा डेटाबेसही देतो. पण लोक काय करतात? व्हर्जनिंग (इतिहास ठेवण्याची सोय) बंद, ट्रंकेट, पुन्हा चालू. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुना इतिहास जागच्या जागी राहतो, पण ताज्या ओळी तिथेही नाहीशा होतात. डिलीट वापरा म्हटलं, तर सगळ्या ओळी इतिहासात जाऊन डिस्क भरते, आणि मग तेच लोक मला फोन करून विचारतात, टेबल रिकामं असून जागा का संपली.