टोकदार कमानींचा रिकामा पिंजरा

पिंजऱ्याला भिंत नसते, नुसत्या बरगड्या असतात. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या चर्चबांधणीच्या, कारागिरांचा हट्टही हाच होता. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठाचा पूर्वेकडचा भाग 1144 साली पुरा झाला. तिथे भार खांबांवर आणि कमानींवर सोपवून मधली भिंत जवळजवळ पुसून टाकली आणि रंगीत काचेतून उजेड आत घेतला. म्हणून हा घाट तारेच्या शोभेच्या पिंजऱ्याला उपरा वाटत नाही. इथे काचही नसते, एवढंच.

खरी गंमत कमानीत आहे. अर्धगोल कमान घातलीत की पिंजरा लगेच पोपटाचा होतो. साधी समभुज कमान काढायची, तर कमान जेवढी रुंद तेवढाच कंपास उघडायचा. 60 मिमी रुंदी असेल तर दोन्ही पायांवर कंपास टेकवून 60 मिमीचे कंस काढा. ते 52 मिमी उंचीवर मिळतात. तार लागते सुमारे 126 मिमी, खालचे सरळ पाय वेगळे. कमान सडपातळ हवी असेल, तर कंपासाची टोकं पायांच्या बाहेर सरकवायची.

पितळेची 2 मिमी तार बरी. पण ती कडक असते आणि शेंड्याशी मुडपताना तडकते, त्यामुळे आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यावी. खिळ्यांच्या साच्यावर वळवू नये; दर खिळ्याशी तार किंचित मोडते आणि कमान कोनाकोनांची दिसते. लाकडी ठोकळाच कापावा, तोही मापापेक्षा दोन-तीन मिमी लहान, कारण तार सोडली की थोडी उघडते. किती उघडते, ते पहिल्या दोन कमानी वाया गेल्यावरच समजतं.

डाख (तारा जोडायचा वितळणारा धातू) देताना तापवायचा सांधा. डाख त्यावर आपोआप पसरला पाहिजे. नेहमीची फजिती अशी, की दुसरा सांधा जुळेपर्यंत शेजारचा पहिला सुटतो. त्याच्यावर ओल्या कापडाची चिंधी गुंडाळून ठेवावी. माथ्यावर सहा तारा एकत्र आल्या की डाखेचा ओबडधोबड गोळा होतो. तिथे 10 मिमीची चकती घालून तारा तिच्या कडेला टेकवाव्यात. दगडी छतांत बरगड्या जिथे भेटतात, तिथेही असाच एक कोरीव दगड बसवलेला असतो.

बाहेरच्या आधारकमानी मात्र इथे निव्वळ नखरा. दगडाची कमान भिंतीला बाहेर रेटते, म्हणून त्या लागतात. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचं (मोठ्या चर्चचं) 48 मीटर उंच छत 1284 साली कोसळलंच. तारेच्या पिंजऱ्यात असा रेटा कुठला? फार तर त्यांत बाही अडकते.

आत पाखरू ठेवू नये. वर निमुळत्या होत गेलेल्या तारांत बोटं अडकतात, डाखेत शिसं असू शकतं, आणि पक्ष्याला उंचीपेक्षा आडवी मोकळी जागा लागते. मेणबत्तीही नको, साधी डाख 190 अंशांच्या आसपास वितळते आणि ज्योतीची गरम हवा नेमकी माथ्याच्या सांध्याशी जाऊन साठते. छोटे एलईडी दिवे किंवा एखादी वेल चालेल. वेलीला पाणी घालता घालता पितळेवर हिरवट डाग पडतील, ते घासू नयेत. शार्त्रच्या कॅथेड्रलचं तांब्याचं छप्परही तसंच हिरवं पडलेलं आहे.